हार्बरच्या पासात परमुलुख

खिडकीवाली (रविवार, रात्री १०.४०)

गेली १९ वर्षं मी डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलने जातेय. भायखळा सुटलं की डब्यात एकदम हालचाल सुरू होते. कोणी डुलकीतून उठतं, कोणी ओढणीला पिन लावतं, कोणी निवडलेल्या मेथीच्या पिशवीला गाठ मारून ती पर्समध्ये कोंबतं. त्या गडबडीत सँडहर्स्ट रोड आणि मस्जिद ही दोन स्टेशनं खिडकीतून मागे जातात. फास्ट तिथे थांबत नाही, त्यामुळे मीही कधी थांबले नाही.

आता भाची नांदेडहून शिकायला आलीय. वडाळ्याला हॉस्टेलवर राहते. मैत्रिणींनी तिला मरीन ड्राइव्ह दाखवला, मॉल दाखवला, एका ठिकाणी कॉफीचे साडेतीनशे मोजायला लावले. रात्री फोन. "मावशी, मुंबई मला परवडणारी नाही गं." मला रागच आला. तिचा नाही, माझा स्वतःचा. दुसरं काही दाखवते चल म्हणायला माझ्याकडे होतंच काय? ऑफिस, स्टेशन, आणि दिवाळीच्या आधी एकदा क्रॉफर्ड मार्केट.

मग आठवलं. आमच्या हिशोब खात्यात एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी गृहस्थ होते, आता निवृत्त झालेत. ते एकदा म्हणाले होते, "मस्जिद स्टेशनातली मशीद म्हणजे आमची मशीद बरं का." तेव्हा मी नुसती हसले होते. या महिन्यात दोघी उतरलो एकदाच्या मस्जिदला. पहिल्यांदा गेलो तो निघाला शनिवार! यहुद्यांच्या प्रार्थनाघरात शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी पाहुणे म्हणून जायचं, इतकी अक्कल आम्हीच पाजळली. बाहेरच्या माणसाने हसून सांगितलं, उद्या या, ओळखपत्र आणा. आज गेलो.

सॅम्युअल स्ट्रीटवर गोणी, हातगाड्या, हमालांचे "बाजू बाजू" यांच्यातून वाट काढत जायचं. दारात ओळखपत्र दाखवलं, चपला नीट केल्या, डोक्यावर ओढणी घेतली. आत शिरलं की रस्त्याचा आवाज एकदम बसतो. मधोमध कठड्याचा चौथरा, छतापासून टांगलेले काचेचे दिवे, वरती बायकांची गॅलरी. आणि भिंतीवर पाट्या, हिब्रूत आणि मराठीत! भाचीने एक पाटी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच थांबून माझ्याकडे बघितलं. आडनाव आमच्या शेजाऱ्यांच्या आडनावासारखं होतं, शेवटी 'कर'.

शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. १७९६ सालचं. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. आत जायला तिकीट नाही.

तर धागा यासाठी. भाचीचा पास वडाळा ते सीएसएमटी, म्हणजे हार्बरचा. माणशी ३०० रुपयांत, खाण्यासकट, हार्बर लाइनवर कुठे कुठे उतरावं? नुसतं 'बघायचं' ठिकाण नको. जिथे वेगवेगळे लोक खरोखर राहतात, जेवतात, प्रार्थना करतात, भांडतात, अशी ठिकाणं सांगा. फोटो काढले नाहीत, मागू नका.

काटकसर (रविवार, रात्री ११.०५)

वाचनखूण साठवली. हार्बरवर उतरायची ठिकाणं विचारणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. आम्ही चेंबूरवाले या लाइनीबद्दल फक्त शिव्या घालायला तोंड उघडतो.

मुद्देसूद (रविवार, रात्री ११.३०)

लेख छान, पण एक शंका. स्टेशनचं नाव सिनेगॉगवरून आलं हे सगळीकडे छापलेलं असतं. पण त्याच भागात जामा मशीद आहे, जकारिया मशीद आहे. मग नाव यहुद्यांच्या मशिदीवरूनच आलं कशावरून?

खिडकीवाली (रविवार, रात्री ११.५०)

मुद्देसूद, मी इतिहासकार नाही, ऐकलेलं सांगते. एवढं मात्र खरं की बेने इस्रायली लोक सिनेगॉगला मराठीत मशीदच म्हणत आले. हे सिनेगॉग म्हणजे 'जुनी मशीद'. बांधणारा सॅम्युअल दिवेकर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी, टिपूच्या कैदेत पडला होता. कथा अशी की कैद्यांची जात विचारताना याने 'बनी इस्राएल' सांगितलं, आणि टिपूच्या आईने हे तर कुराणातले लोक म्हणून त्याला सोडायला लावलं. सुटलो तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस होता, तो इथे फेडला. टिपूच्या आईचा भाग तुम्ही कथा म्हणूनच घ्या. रस्त्याचं नाव मात्र अजून त्याचंच आहे.

अश्दोदकर (सोमवार, पहाटे ३.१५)

माझी झोप उडवलीत. मी इस्राएलमध्ये अश्दोदला असतो, जन्म भायखळ्याचा. माझी आजी इस्रायल मोहल्ल्यातली, जुन्या मशिदीपासून हाकेच्या अंतरावर. ती 'सिनेगॉग' शब्द कधी बोललीच नाही. "मशिदीत जाऊन येते," असं शेजारच्या मेमण मुसलमानांच्या बाईला सांगायची, आणि ती बाई म्हणायची "हां, हमारे भी गए हैं." दोघी आपापल्या मशिदीबद्दल बोलत असायच्या. त्यामुळे मुद्देसूद यांच्या शंकेचं उत्तर आमच्या गल्लीपुरतं तरी असं, की कोणालाच गोंधळ वाटत नव्हता.

कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांनी तेलाचे घाणे घातले, अशी आमच्याकडची गोष्ट. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. म्हणजे तुम्ही शनिवारी गेलात ती चूक दोनेक हजार वर्षं जुनी आहे, वाईट वाटून घेऊ नका.

अवांतर: पुढच्या वेळी कोणाच्या घरी मलिद्याचं बोलावणं मिळालं तर सोडू नका. भिजवलेले पोहे, साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, वरून फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने करतात. इथे पोहे भारतीय दुकानातून आणतो. जाडे मागितले की पातळ मिळतात. नातवंडं म्हणतात, आजोबा देवाला ब्रेकफास्ट देतात.

जिरेफोडणी (सोमवार, सकाळी ८.१०)

शेवटच्या वाक्याला लोकलमध्ये मोठ्याने हसले, सगळ्या बायका बघतायत. मस्जिदला खायचं काय ते मी सांगते. मांडवीत कच्छी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे दाबेली तिथे खा. दाबेली मूळची कच्छमधल्या मांडवीची आणि आपल्याकडेही मांडवीच, हे मला फार उशिरा लक्षात आलं. शिवाय मिरची गल्लीतून चालत जा, शिंका फुकट.

डोंगरीचा (सोमवार, सकाळी ९.३०)

सँडहर्स्ट रोड विसरू नका. हार्बरचे प्लॅटफॉर्म वर, मेन लाइनचे खाली, त्यामुळे जिना उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. तिथून डोंगरीत इमामवाड्याकडे चालत जा. मुघल मशीद, म्हणजे इराण्यांची, १८६० ची. दर्शनी भागावर निळ्या इराणी फरशा, आत हौद आणि झाडं. घुमट नाही, हे नीट बघा. आत जायचं तर विचारून जा, प्रार्थनेची वेळ टाळा. नाही जमलं तर रस्त्यावरूनही ती निळाई दिसते, आणि आमच्या डोंगरीच्या सगळ्या करड्या रंगात ती डोळ्याला गार वाटते.

याच निमित्ताने एक दुरुस्ती. 'इराणी हॉटेल' म्हटलं की लोक सरसकट पारशी समजतात. झरतुष्ट्री इराणी वेगळे, पारशी वेगळे, आणि इराणी मुसलमानही हॉटेलं चालवत आलेत. माझ्या लहानपणी आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात काचेखाली मक्केचं चित्र होतं आणि ब्रून मस्काही मिळायचा.

काटकसर (सोमवार, सकाळी १०.००)

इराण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या जागी मागच्या महिन्यात गेलो. रांगेत पाऊण तास. मग दोघांचं बिल पाहून बायको म्हणाली, यात महिन्याचा किराणा नाही आला तरी तेल नक्की आलं असतं. 'जुन्या मुंबईचा अनुभव' असं कुठे लिहिलेलं दिसलं की आता मी उलट पावली फिरतो. स्वस्त जागेची माझी खूण एकच, शेजारच्या टेबलावर पेपर वाचणारा म्हातारा आहे का? असेल तर बसा.

माझगावकर (सोमवार, दुपारी १.२०)

डॉकयार्ड रोडचं मी सांगणार, दुसऱ्या कोणी मधे बोलू नये.

स्टेशनातून बाहेर पडलात की डोक्यावर टेकडी. पायऱ्या चढून वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. पायाखाली पाण्याची टाकी आहे, भंडारवाड्याची, तुम्ही तिच्यावर फिरताय हे कळत नाही. वरून गोदी, क्रेन, अर्धवट बांधलेली जहाजं. संध्याकाळी कंपनीतून सुटलेली माणसं, अभ्यास करणारी पोरं, आणि कोपऱ्यात जोडपी. प्रवेश फुकट.

आता नाव बघा. हे 'काका' बाप्टिस्टा. माझगावचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन, बॅरिस्टर, टिळकांचे स्नेही आणि वकील. १९१६ ला होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष. १९२५ ला मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' हे शब्द टिळकांना यांच्याकडून मिळाले असंही बरेच जण लिहितात. आमच्या शाळेत टिळकांवर भाषणं पाठ करून घेतली, पण टेकडीवरच्या या माणसाचं नाव एका बाईंनीही सांगितलं नाही.

खाली उतरून माथारपाखाडी. कौलारू घरं, लाकडी जिने बाहेरून, गल्लीच्या मधे क्रूस. काका इथलेच. वाहन शिरेल एवढी जागा नाही, त्यामुळे आवाज कमी. दुपारी एक ते चार जाऊ नका, लोक झोपलेले असतात. खरंच झोपलेले असतात.

आणि तिथून नवाब टँक रोडला चिनी देऊळ. होय, चिनी. सी यूप कून, १९१९ पासून. बंदरावर काम करायला आणि जहाजांवरून कॅन्टनकडचे लोक आले, त्यांनी बांधलेलं. आजूबाजूला तेव्हा चिन्यांची वस्ती होती. १९६२ च्या युद्धानंतर बरेच देश सोडून गेले. आता देऊळ एका साध्या लाल इमारतीत आहे, रस्त्यावरून चटकन कळतही नाही. खाली क्वान यिन देवी, वरच्या मजल्यावर क्वान कुंग. लालभडक चेहरा, लांब दाढी, योद्धा. आमच्या लहानपणी आम्ही त्याला चिनी खंडोबा म्हणायचो. चिनी नवं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं, त्या रात्री जा. नाहीतर कुठल्याही दिवशी. उदबत्ती लावा, पेटीत दहावीस रुपये टाका, गप्प बसा.

फुकटचंबू (सोमवार, दुपारी १.४५)

प्रसादाला शेजवान चटणी असते का?

माझगावकर (सोमवार, दुपारी १.५०)

याच प्रश्नाची वाट बघत होतो. नाही. संत्री असतात.

बाटलीमसाला (सोमवार, रात्री ९.१५)

माथारपाखाडीचं नाव आलं म्हणून लिहितोय. मी ईस्ट इंडियन, दुसऱ्या एका गावठाणात राहतो, नाव मुद्दाम सांगत नाही.

आमच्या घराला बाहेरून लाकडी जिना आहे. गेल्या पाचसहा वर्षांत त्या जिन्यावर बसून फोटो काढणाऱ्यांची लाइन लागते. लग्नाआधीचे फोटो, कपड्यांच्या जाहिराती, हातात कॉफीचा ग्लास धरून कुठेतरी बघणाऱ्या मुली. एकदा माझी आई, वय ८१, मासे साफ करून घाण टाकायला बाहेर आली तर एक पोरगा म्हणाला, आंटी जरा साइडला व्हा, फ्रेममध्ये येताय. स्वतःच्या जिन्यावर! आईने परात तिथेच रिकामी केली. त्याचे बूट पांढरे होते.

तेव्हा 'वेगवेगळे लोक राहतात ती ठिकाणं बघायला जाऊ' या भाषेचीच मला भीती वाटते. आम्ही वेगवेगळे नाही हो. आम्ही इथलेच, तुमच्या आधीपासूनचे. उत्तर कोकणातले, घरी मराठीच बोलतो, आमची ती वेगळी. 'ईस्ट इंडियन' हे नाव आमच्या लोकांनी १८८७ साली घेतलं. गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आम्ही निराळे, इथल्या नोकऱ्यांवर पहिला हक्क आमचा, हे साहेबाला कळावं म्हणून. ते नाव ऐकून लोक विचारतात, कलकत्त्याचे का?

मुद्देसूद (सोमवार, रात्री ९.४०)

बाटलीमसाला यांच्याशी पूर्ण सहमत. या धाग्याने चार गल्ल्या चर्चेत येतील, पाचव्या महिन्यात तिथे २८० रुपयांचा चहा मिळेल, सातव्या महिन्यात राहणारे विरारला जातील. उत्तम ते हे की अशा जागा लिहूच नयेत.

खिडकीवाली (सोमवार, रात्री १०.२०)

बाटलीमसाला, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. परातीचं वाचून मला फार बरं वाटलं.

मुद्देसूद, मग भाचीने काय करायचं? साडेतीनशेची कॉफी प्यायची? न लिहिल्याने गल्ली वाचत नाही. मी १९ वर्षं मस्जिदला उतरले नाही म्हणून तिथलं काय वाचलं? उलट मला वाटतं नुसतं बघायला जाणं हाच लोचा आहे. काहीतरी घ्यायला जावं, जेवायला जावं, मेणबत्ती लावायला जावं. गिऱ्हाईक म्हणून गेलं की माणूस आपोआप नीट वागतो, कारण दुकानदार हाकलू शकतो.

बाटलीमसाला (सोमवार, रात्री १०.४५)

हे पटलं. मग असं करा. एप्रिल-मेमध्ये आमच्या बायका बाटली मसाला करतात. वीसपंचवीस जिन्नस, गच्चीवर वाळवायचे, एकेक भाजायचा, कुटायचा, आणि बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा, उजेड लागू नये म्हणून. बऱ्याच घरांतून विकतही मिळतो. तो घ्यायला या. आई वास घ्यायला देईल, जिन्यावर बसवेल, आणि फोटो काढा म्हणून स्वतः सांगेल. तिला फोटो फार आवडतात. तिला 'साइडला व्हा' आवडत नाही.

जिरेफोडणी (सोमवार, रात्री ११.००)

बूट पांढरे होते. हे मी विसरणार नाही.

सायनचा_कोळी (मंगळवार, सकाळी ७.३०)

जीटीबी नगर स्टेशनला आम्ही अजून कोळीवाडाच म्हणतो. १९४७ नंतर तिथे पंजाबी निर्वासितांच्या छावण्या आल्या. पराठे, छोले, लस्सी, आणि तळलेली मासळी. हॉटेलांत जी 'कोळीवाडा कोलंबी' म्हणून लाल पिठातली मिळते, ती आमच्या चुलीवरची नाही. ती या निर्वासितांनी इथल्या कोलंबीला अमृतसरी पद्धतीचं पीठ लावून केलेली, असंच आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. कोळी बाई कोलंबीला बेसन लावत नाही. नाव आमचं, ओवा त्यांचा, आणि दोघंही खूश आहेत.

कोळ्यांच्या हातचंच खायचं असेल तर माहीमला उतरा. माहीम कोळीवाड्यात किनाऱ्यावर बचत गटाच्या बायका सी फूड प्लाझा चालवतात. भाव विचारून बसा, मोठा मासा घेतला तर तुमचे ३०० गेलेच. बोंबील घ्या.

काटकसर (मंगळवार, सकाळी ८.४५)

आमच्या चेंबूर कॅम्पात सकाळी दाल पकवान. सिंधी निर्वासितांचा कॅम्प. कडक पापडासारखी पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. एका प्लेटीत दुपारपर्यंत भूक लागत नाही. जास्त लिहीत नाही, आधीच रांग वाढलीय.

किंग्ज_सर्कल (मंगळवार, दुपारी २.३०)

वडाळ्यापासून अंधेरीच्या गाडीने पुढचं स्टेशन आमचं. पण माटुंग्याला खरं तर दोन स्टेशनं चालतात. मेन लाइनच्या माटुंग्याला उतरलात तर समोरच, मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. खाली कुपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. मर्यादित ताट स्वस्त, केळीच्या पानावरचं अमर्याद जेवण थोडं महाग. विद्यार्थ्याने ताटच घ्यावं. रसम वाटीत येतं ते वाटीनेच प्या, भातावर ओतून वाया घालवू नका, हे मी माझ्या कोकणस्थ सासऱ्यांना २० वर्षं सांगतोय.

मद्रासी म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. माटुंग्यात तमिळ आहेत, पालघाटकडचे अय्यर आहेत, उडुपीचे आहेत, शिवाय कच्छी आणि गुजराती भरपूर. सकाळी आस्तिक समाजाच्या देवळाबाहेर फुलवाल्यांकडे उभे राहा. मोगरा हातावर मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मुळम. मराठीत मागा, तमिळमध्ये घासाघीस होईल, पैसे हिंदीत सांगतील. कॅफे मद्रासची (१९४०) रांग रविवारी परवडत नाही, वारी म्हणून धरायची तर कामाच्या दिवशी सकाळी सातला जा.

मेणबत्ती (मंगळवार, रात्री ८.००)

माहीमला बुधवारी जा. सेंट मायकल चर्चला नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना असते, दिवसभर, कधी इंग्रजीत, कधी कोकणीत, मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत. मी ख्रिश्चन नाही. बारावीपासून जाते. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात, ज्याचा नवस असेल ते घ्यायचं. घर हवं तर मेणाचं घर, मूल हवं तर मेणाचं बाळ, पाय दुखत असेल तर पाय. माझ्या पुढच्या बाईने एकदा घर घेतलं, मग परत जाऊन ते बदललं. म्हणाली, हे बैठं आहे, मला फ्लॅट पाहिजे.

चालत थोडं पुढे मखदूम अली माहिमींचा दर्गा. हे इथलेच, कोकणी मुसलमान, १४ व्या-१५ व्या शतकातले विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिलेलं. डिसेंबरात उरूस, आणि त्यात मानाचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा. खाकी वर्दीतला अधिकारी डोक्यावर संदलचं ताट घेऊन चालतोय हे दृश्य एकदा बघाच. त्या दहा दिवसांच्या जत्रेत आकाशपाळणा, मौत का कुआँ, खाजा, हलवा, सगळं स्वस्त.

खिडकीवाली (पुढचा रविवार, रात्री ९.५०)

वृत्तांत. भाची लिहायला बसली होती, पण तिचं मराठी निम्मं फोनच्या भाषेत, म्हणून मीच लिहिते.

सकाळी साडेनऊला डॉकयार्ड रोड. माझा पास तिथे चालत नाही, पाच रुपयांचं तिकीट. टेकडी चढलो. मी तीनदा थांबले, भाची एकदाही नाही. वर एक म्हातारे गृहस्थ कठड्याशी उभे होते. गोदीतले निवृत्त फिटर. समोरची क्रेन दाखवून म्हणाले, "ही माझ्या नोकरीतली." जशी कोणी सून दाखवावी.

माथारपाखाडीत शिरलो तेव्हा मासला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला निघालेले लोक दारं ओढून घेत होते. आम्ही फोन पर्समध्येच ठेवले. एका ओट्यावर एक मावशी वांगी मांडून बसल्या होत्या, घरच्या झाडाची लिंबंही होती. लिंबं घेतली. "कुठून आलात?" "डोंबिवली." "एवढ्या लांबून लिंबांला?" यावर मला काही उत्तर सुचलं नाही. भाचीने सांगितलं, मावशीला लिंबं फार लागतात.

चिनी देवळात आम्ही दोघीच. उदबत्तीचा धूर आपल्यासारखाच, वास निराळा, लाकडासारखा. वर क्वान कुंगसमोर बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात. गुडघे टेकून ते नळकांडं तिरकं धरून हलवायचं, एक काडी आपोआप बाहेर पडते, तिच्यावरच्या नंबरावरून भविष्य. भाचीला एका विषयाची एटीकेटी आहे. तिने डोळे मिटून इतकं हलवलं की चार काड्या पडल्या. तिथल्या बाईंनी न हसता सगळ्या उचलून परत दिल्या आणि म्हणाल्या, "धीरे. एकही सवाल पूछो." दुसऱ्यांदा एकच पडली. काय निघालं ते तिने मला सांगितलं नाही. जिना उतरताना मात्र म्हणाली, चार गोष्टींची काळजी होती म्हणून चार पडल्या असतील.

तिथून किंग्ज सर्कलला जायचं ठरलं होतं. स्टेशनात आलो तर मेगाब्लॉक. रविवारी हार्बरवर निघताना मेगाब्लॉक बघून निघावं हे १९ वर्षं लोकल करणाऱ्या बाईला सांगायला लागतं? लागतं. मग भायखळ्यापर्यंत चालत, आणि स्लोने माटुंगा. त्या चालण्यात पाय दुखले, पण नमाजाला निघालेली मुलं, बेकरीतून पाव नेणारे सायकलवाले, चर्चच्या पायरीवर बसलेले बँडवाले असं सगळं एका सरळ रेषेत दिसलं. गाडीत बसलो असतो तर दिसलं नसतं.

बोर्डिंगात ५० मिनिटं थांबलो. ताटच घेतलं. रसम वाटीने प्यायलो, किंग्ज_सर्कल यांची आज्ञा. लिंबांसकट हिशोब माणशी ३०० च्या आत बसला, चिल्लर उरली तिचा मोगरा घेतला. एक मुळम. भाचीने पाव मुळम स्वतःच्या केसांत घातला, उरलेला हॉस्टेलवर वाटला म्हणे. रात्री फोन आला नाही. मेसेज आला, "पुढचा रविवार कुठे?"

बाटलीमसाला (रविवार, रात्री १०.१५)

"एवढ्या लांबून लिंबांला?" आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, ती बाई नक्की आमच्या नात्यातली.

पनवेल_स्लो (रविवार, रात्री १०.३०)

इतका वेळ गप्प वाचत होतो. तुम्ही सगळे हार्बर म्हणताय आणि वडाळ्याच्या पुढे फक्त चेंबूरपर्यंत पोचताय. लाइन आमच्या पनवेलपर्यंत येते हो. पनवेल गावातही सिनेगॉग आहे, बेथ एल, १८४९ चं. म्हणजे सीएसएमटीहून निघालात की पहिल्याच स्टेशनला जुनी मशीद, आणि शेवटच्या स्टेशनला आमची. मधे पन्नासेक किलोमीटर तेवढी गर्दी.

२००५ च्या पुरात आमच्या गावात पाणी भरलं होतं तेव्हा सिनेगॉगही बुडालं होतं. मी तेव्हा दहावीत. आसपासचे सगळेच एकमेकांचं सामान उन्हात वाळत घालत होते, कोणाचं काय हे कळत नव्हतं.

येणार असाल तर सांगा, स्टेशनवर घ्यायला येतो. रिक्षाचे पैसे वाचतील, तुमच्या ३०० मध्ये आमच्याकडची मिसळ बसेल.

अश्दोदकर (सोमवार, पहाटे २.४०)

खिडकीवाली ताई, एक काम सांगू का? माझे पणजोबा पनवेलकडचे, आजीचं माहेर तेच. जुन्या मशिदीतल्या देणगीदारांच्या एका पाटीवर त्यांचं नाव आहे असं आजी म्हणायची. मी १९७४ मध्ये निघालो तेव्हा १२ वर्षांचा होतो, बघायचं राहून गेलं. पुढे दोनदा मुंबईला आलो, दोन्ही वेळा लग्नाच्या गडबडीत. तुमची भाची पाट्या मोठ्याने वाचते म्हणालात. नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मराठीतच असणार, बाळबोध अक्षरात. सापडलं तर फोटो नको, तिथे परवानगी विचारावी लागेल. नुसतं वाचून कसं लिहिलंय ते सांगा, दीर्घ की ऱ्हस्व. आमच्या घरात त्यावरून वाद आहे.

खिडकीवाली (सोमवार, सकाळी ९.०५)

व्यनि मिळाला. भाचीला पाठवला, ती म्हणते काम तिचं. मस्जिद आणि पनवेल एकाच रविवारी करू, मेगाब्लॉक बघून. शनिवारी जाणार नाही, आता माहीत आहे.